‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ : ध्वनिनिर्मितीची गुणवत्ता आणि श्रेयाचा प्रश्न

प्रास्ताविक

रॅप हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेला, तालाच्या आधाराने उच्चारल्या जाणाऱ्या पद्याचा प्रकार आहे. त्याची समीक्षा बहुतेक वेळा शब्दांपाशी थांबते. आशय बंडखोर आहे की उथळ, भाषा सभ्य आहे की असभ्य, याची चर्चा भरपूर होते. हे शब्द ज्या ध्वनीत बसवलेले असतात त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. लॉरिन हिल यांच्या पहिल्या एकल अल्बमचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते.

‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा अल्बम २५ ऑगस्ट १९९८ रोजी प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी हिल या ‘फ्यूजीस’ या त्रिकुटाच्या सदस्य होत्या आणि १९९६ च्या ‘द स्कोअर’ या अल्बममुळे त्यांना जागतिक कीर्ती लाभली होती. एकल अल्बम आला तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. १९९९ च्या ग्रॅमी समारंभात त्यांना पाच पुरस्कार मिळाले. ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम’ हा सन्मान हिप-हॉप परंपरेतील कृतीला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. प्रस्तुत लेखात या अल्बमची ध्वनिनिर्मिती कोणत्या गुणांवर उभी आहे आणि त्या गुणांचे श्रेय कोणाचे, या दोन परस्परसंबद्ध प्रश्नांचा विचार केला आहे.

‘निर्माता’ या संज्ञेचा घोटाळा

मराठीत ‘निर्माता’ म्हटले की नाटक किंवा चित्रपटासाठी भांडवल उभे करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. अमेरिकी ध्वनिमुद्रण व्यवसायातील ‘प्रोड्यूसर’ मात्र प्रत्यक्ष ध्वनी घडवतो. कोणता ताल घ्यावयाचा, कोणते वाद्य कोठे वाजावे, कंठस्वर किती जवळून ऐकू यावा, कोणता तुकडा ठेवावा आणि कोणता गाळावा, हे निर्णय त्याचे असतात. आपल्याकडे संगीतकार, संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक यांच्यात विभागलेले काम तेथे बऱ्याच अंशी या एका पदात एकवटते. हिप-हॉपमध्ये तर जुन्या ध्वनिमुद्रिकेतील लहानसा तुकडा उचलून, त्याची पुनरावृत्ती करून नवा ताल रचणे हीच निर्मात्याची मूळ कला होय. त्यामुळे ‘निर्मिती कोणाची’ हा प्रश्न येथे ‘कृती कोणाची’ या प्रश्नाच्या अगदी निकट येऊन ठेपतो.

ध्वनीची घडण

या अल्बमचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे यंत्र आणि हात यांची सांगड. यंत्रावरचे ठोके आणि ध्वनिमुद्रिका मागेपुढे घासून काढलेले आवाज ही हिप-हॉपची ओळख येथे कायम आहे. त्यावर मात्र प्रत्यक्ष वादकांनी वाजवलेली गिटार, पियानो, ऑर्गन, तंतुवाद्ये आणि पितळी वाद्ये यांचा साज चढवलेला आहे. ‘टू झायन’ या गीतात कार्लोस सांताना यांची गिटार लष्करी संचलनाची आठवण देणाऱ्या ढोलाच्या ठोक्यांशी बोलत राहते आणि अखेरीस समूहस्वर तिला व्यापून टाकतो. पहिल्या अपत्याच्या आगमनाचा निर्णय हा त्या गीताचा विषय आहे. खासगी निर्णयाला सामूहिक आशीर्वाद मिळावा तसा हा ध्वनीचा विस्तार आहे. शब्द जे सांगतात ते येथे ध्वनी घडवून दाखवतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे परंपरेशी असलेले उघड नाते. न्यूयॉर्कमधील चंग किंग स्टुडिओइतकेच जमैकातील किंग्स्टन येथील टफ गाँग स्टुडिओलाही या अल्बमच्या घडणीत महत्त्व आहे. टफ गाँग हे बॉब मार्ले यांच्या नावाशी निगडित स्थान होय. ‘लॉस्ट वन्स’मध्ये जमैकन गायिका सिस्टर नॅन्सी यांच्या ‘बॅम बॅम’ची चाल डोकावते, तर ‘फर्गिव्ह देम फादर’मध्ये मार्ले यांच्या ‘काँक्रीट जंगल’चा आधार घेतला आहे. ‘डू वॉप (दॅट थिंग)’मध्ये १९५० च्या दशकातील समूहगायनाची शैली पुन्हा जिवंत होते. या गीताचे पहिले कडवे स्त्रियांना आणि दुसरे पुरुषांना उपदेश करते. केवळ शब्द वाचल्यास हा उपदेश कठोर वाटण्याचा संभव आहे. परंतु पितळी वाद्यांचा खेळकर उत्साह त्याला सणाच्या गर्दीतील थट्टेचे रूप देतो. उपदेश सुसह्य होतो तो ध्वनीमुळे.

तिसरे वैशिष्ट्य कंठस्वराच्या हाताळणीचे आहे. हिल यांच्या आवाजातील किंचित घोगरेपणा आणि श्वासाचा भास गुळगुळीत करून टाकलेला नाही. ‘एक्स-फॅक्टर’मध्ये त्यांच्याच आवाजाचे अनेक थर एकमेकांवर रचले आहेत. त्यामुळे भंगलेल्या नात्याविषयीचे एका व्यक्तीचे बोलणे स्वतःशीच चाललेल्या वादासारखे ऐकू येते. याउलट डी’अँजेलो यांच्यासह गायलेल्या ‘नथिंग ईव्हन मॅटर्स’मध्ये वाद्ये इतकी विरळ ठेवली आहेत की दोन स्वरांमधील शांतताही रचनेचा भाग बनते.

अर्थात अल्बम निर्दोष नाही. त्याचा कालावधी सव्वा तासाहून अधिक आहे. उत्तरार्धातील काही मध्यलयीची गीते एकमेकांच्या फार जवळ ठेवल्याने पूर्वार्धातील ताण सैल पडतो. गीतांच्या अखेरीस जोडलेले संवाद पहिल्या श्रवणात अर्थपूर्ण वाटले, तरी पुन:पुन्हा ऐकताना ओघ खंडित करतात.

वर्गखोलीचा सांगाडा

हे संवाद मात्र रचनेच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाहीत. अल्बमचे शीर्षक कार्टर जी. वुडसन यांच्या १९३३ मधील ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो’ या ग्रंथाची आठवण देते. कृष्णवर्णीयांना मिळणारे शिक्षण त्यांना स्वतःच्या इतिहासापासून आणि समाजापासून तोडते, हा वुडसन यांचा प्रमुख आक्षेप होता. अल्बमच्या आरंभी शाळेची घंटा होते, शिक्षक हजेरी घेतात आणि ‘लॉरिन हिल’ या नावाला उत्तर येत नाही. पुढे अधूनमधून तीच वर्गखोली ऐकू येते. तेथे मुले प्रेम म्हणजे काय याविषयी मोकळेपणाने बोलतात. गैरहजर विद्यार्थिनी जे वर्गाबाहेर शिकली ते गीतांत येते आणि वर्गात जी चर्चा झाली ती संवादांत येते. शिकणे ही एकट्याने करण्याची गोष्ट नव्हे, हे ही रचना न सांगता सुचवते.

श्रेयनामावली आणि वाद

नेमक्या याच ठिकाणी अल्बमच्या आशयाचा त्याच्या श्रेयनामावलीशी विसंवाद निर्माण होतो. गीतलेखन, संयोजन आणि निर्मिती यांचे मुख्य श्रेय हिल यांच्या नावे आहे. इतर काहींचा सहभाग विशिष्ट गीतांपुरता, ‘अतिरिक्त’ योगदान म्हणून नोंदवला आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘न्यू आर्क’ या नावाने काम करणाऱ्या चार सहकाऱ्यांनी लेखन व निर्मितीतील आपला वाटा पुरेसा मान्य झाला नाही, असा दावा न्यायालयात दाखल केला. हिल यांच्या बाजूने तो अमान्य करण्यात आला. फेब्रुवारी २००१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. त्यामुळे वाट्याचा निवाडा न्यायालयाने केलाच नाही आणि समीक्षेनेही न्यायाधीशाची भूमिका घेण्याचे कारण नाही.

तथापि दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक ठरते. पहिली म्हणजे, स्त्री कलावंताच्या यशामागे कोणीतरी पुरुष निर्माता असणारच, हे गृहीतक लोकप्रिय संगीताच्या व्यवसायात खोलवर रुजलेले आहे. तेथे एका तरुण स्त्रीने ‘ही निर्मिती माझी आहे’ असे ठामपणे नोंदवणे यास स्वतंत्र मूल्य आहे. इतक्या भिन्न परंपरा, भिन्न वादक आणि भिन्न लयी असूनही अल्बम एकसंध राहतो, तो एकाच व्यक्तीच्या निवडीमुळे, हेही श्रवणातून पटते. दुसरी बाब म्हणजे, वर उल्लेखिलेली ध्वनीची जिवंत पोत अनेक हातांतून आली आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड नं. २.०’मध्ये हिल यांनी केवळ आवाज आणि गिटार यांवर भिस्त ठेवली. तो हेतुपुरस्सर स्वीकारलेला साधेपणा होता, म्हणून त्यावरून क्षमतेचा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. तरीही त्या दोन ध्वनींतील अंतर पहिल्या अल्बममधील सामूहिक श्रमाची व्याप्ती स्पष्ट करते.

समारोप

‘एकल’ हे विशेषण या अल्बमच्या दृष्टीला यथार्थ आहे, त्याच्या ध्वनीला नाही. निवड, दिशा आणि कंठस्वर हिल यांचे आहेत; त्या निवडीला देह देणारे हात अनेक आहेत. यांपैकी एका विधानासाठी दुसरे नाकारले की एकतर स्त्रीच्या कर्तृत्वावर किंवा पडद्यामागील कलावंतांच्या श्रमावर अन्याय होतो. ‘मुख्य’ आणि ‘अतिरिक्त’ अशा दोनच रकान्यांची श्रेयपद्धती ही गुंतागुंत नोंदवण्यास अपुरी आहे, असे या अल्बमच्या उदाहरणावरून म्हणता येते. २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत ‘डायमंड’ प्रमाणपत्र मिळाले. त्याची लोकप्रियता आता वादातीत आहे. लोकप्रिय संगीताचा अभ्यासविषय म्हणून विचार करणाऱ्यांनी गीतसंहितेबरोबर ध्वनी ऐकावा आणि ध्वनीबरोबर श्रेयनामावलीही चिकित्सक दृष्टीने वाचावी, ही या कृतीच्या अभ्यासातून निष्पन्न होणारी पद्धतीविषयक गरज होय.