कामाला येणारे अभिनयतंत्र

अभिनयाच्या तंत्राकडून नटाची मागणी फार मोठी नसते, पण ती टाळता येण्यासारखीही नसते. रविवारी दुपारच्या प्रयोगात रंगलेली भूमिका रात्रीच्या प्रयोगातही तितकीच रंगली पाहिजे, आणि सोमवारी सकाळी कॅमेऱ्यासमोर एखादा प्रसंग मागचा पुढे, पुढचा मागे असा तुकड्यांत करावा लागला तरी त्यातला जीव जाता कामा नये. आजचा मराठी नट एकांकिका स्पर्धेतून व्यावसायिक नाटकात, तिथून दैनंदिन मालिकेत आणि चित्रपटात ये-जा करत असतो. या सगळीकडे उपयोगी पडेल असे तंत्र कोणते, हा त्याच्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे.

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार केले. त्यांतला सात्त्विक सर्वांत अवघड. अश्रू, रोमांच, कंप हे मन एकाग्र झाल्याशिवाय प्रकटत नाहीत, हे भरताने ओळखले होते. मन एकाग्र करण्याची पायरीपायरीची रीत मात्र परंपरेने गुरूवर सोपवली. मराठी संगीत रंगभूमीवरही तेच घडले. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतरच्या काळात नाटक मंडळीत लहान वयात दाखल झालेला मुलगा तालीममास्तरांचे ऐकून आणि वडीलधाऱ्या नटांचे पाहून शिकत असे. या शिक्षणाने गळा तयार झाला, पाठांतर पक्के झाले, भरलेले प्रेक्षागृह ताब्यात ठेवण्याची हिंमत आली. पण ज्या नटाचे अनुकरण करायचे त्याच्या लकबीही त्याबरोबर वारशाने येत. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले तेव्हा घरातली माणसे घरातल्यासारखी बोलू लागली. त्या नाटकातले केशवराव दाते पुढे १९३७च्या ‘कुंकू’मध्ये काकासाहेब म्हणून पडद्यावर दिसले. दात्यांच्या या प्रवासावरून एवढे कळते की चांगला नट माध्यम बदलले तरी टिकतो. तो कशाच्या आधारावर टिकतो, हे मात्र त्या काळात कुणी पद्धतशीर मांडून ठेवले नाही.

ते काम रशियात चालू होते. कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्स्की १८९८मध्ये स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरमध्ये तालमी घेत, प्रयोग करत, चुका दुरुस्त करत आपली पद्धत घडवत होता. १९३६ साली इंग्रजीत निघालेले त्याचे पुस्तक के. नारायण काळे यांनी ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणले. त्यातला एक प्रसंग आजही प्रत्येक नवशिक्याने करून पाहावा असा आहे. पडद्याच्या घड्यांत खोचलेली एक पिन शोधायला विद्यार्थिनीला सांगितले जाते. ती सापडली तरच तिची शाळेतली जागा टिकणार, असे त्या खेळात ठरलेले असते. ती धावत रंगमंचावर येते, छाती धरते, डोके गच्च दाबते, पडदा हलवते, हताश होऊन बसते आणि आपण छान काम केले म्हणून खुशीत परत येते. ‘पिन कुठे आहे?’ असे विचारल्यावर तिच्या लक्षात येते, की पिन शोधायची राहूनच गेली. दुसऱ्यांदा ती खरोखर एकेक घडी उलगडत शोधते. या वेळी ती काहीच दाखवत नसते, आणि पाहणाऱ्यांना मात्र सगळे दिसते.

तंत्राचा गाभा इथेच आहे. तरीही स्तानिस्लाव्स्कीच्या नावाखाली जगभर पसरली ती दुसरीच गोष्ट. अमेरिकेत ली स्ट्रासबर्गने स्वतःच्या आयुष्यातले जुने दुःख उकरून भूमिकेत ओतण्याच्या भावस्मृतीवर भर दिला, आणि पुढे ॲक्टर्स स्टुडिओच्या नावाबरोबर ती पद्धत प्रतिष्ठेची झाली. स्टेला ॲडलर १९३४ साली पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लाव्स्कीला भेटली आणि नाटकात दिलेली परिस्थिती, कल्पनाशक्ती व कृती यांना पहिले स्थान द्यावे असा आग्रह धरत परतली. सॅनफर्ड माइस्नरने सगळे लक्ष समोरच्या नटावर केंद्रित केले. शेवटच्या काळात स्तानिस्लाव्स्की स्वतःही शारीरिक कृतींच्या पद्धतीवरच स्थिरावला होता. पात्राला काय हवे आहे आणि ते मिळवण्यासाठी ते या क्षणी काय करते, एवढे नटाने पक्के करायचे. भावना त्या करण्यातून येते. आली नाही तरी प्रसंग कोसळत नाही.

रंगमंच आणि कॅमेरा अशा दोन माध्यमांत काम करणाऱ्या नटासाठी हाच मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. आठवणीतले दुःख दहाव्या प्रयोगापर्यंत बोथट होते. चित्रीकरणात तर रडण्याचा प्रसंग सकाळी मास्टर शॉटमध्ये झाल्यावर जेवणाच्या सुट्टीनंतर क्लोजअपसाठी पुन्हा करावा लागतो. मालिकेच्या सेटवर संवादाची पाने अनेकदा त्याच दिवशी हातात पडतात आणि दिवस बारा तासांच्या पुढे जातो. अशा वेळी भावना हुकमी येत नाही, कृती येते. कपाटातून कागद काढायचा, तो भावाला दिसू द्यायचा नाही आणि तेवढ्यात त्याच्याशी जेवणाबद्दल बोलायचे: इतके स्पष्ट काम हातात असले की थकलेला नटही खोटा वाटत नाही. कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंतचे सातत्य, हीही आपोआप सांभाळली जाते, कारण कोणत्या शब्दावर हात कुठे होता हे कृतीबरोबरच लक्षात राहते.

हे विचार आपल्याकडे दोन वाटांनी आले. इब्राहिम अल्काझी १९६२पासून राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. त्यांनी तालमीला शिस्त आणली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रोशन तनेजा यांनी अभिनय शिकवला. ते न्यूयॉर्कमध्ये माइस्नरकडे शिकून आले होते. तो अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला आणि नव्या शतकातच पुन्हा सुरू झाला. कॅमेऱ्यासाठीच्या शिक्षणात मधली दोन-अडीच दशके अशी वाया गेली, याची किंमत चित्रपटाने मोजली आहे. रंगभूमीवर ‘रंगायन’ या संस्थेतून विजया मेहता यांनी केलेले काम, पुढे पुण्याचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी यांनी ही परंपरा चालू ठेवली.

एक बाजू मात्र बाहेरून येणे शक्यच नव्हते, आणि ती म्हणजे मराठी बोलणे. डॉ. श्रीराम लागू यांनी ‘वाचिक अभिनय’ हे पुस्तक लिहिले याचे मोल इथे कळते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, नकारही शेवटी येतो. ‘मी तुझ्या घरी पुन्हा कधी पाऊल टाकणार नाही’ या वाक्याचा सारा भार शेवटच्या शब्दावर आहे, आणि श्वास संपतो तोही नेमका तिथेच. नट शेवट खातो आणि मागच्या रांगेला उलट अर्थ ऐकू येतो. यावरचा उपाय आवाज चढवण्यात नाही. श्वास कुठे घ्यायचा हे अर्थावरून ठरवणे आणि तो वाक्याच्या टोकापर्यंत पुरवणे, हा रोज करण्याचा सराव आहे. अंगावरच्या मायक्रोफोनमुळे आवाज मागपर्यंत पोहोचू लागला, पण खाल्लेला शेवट यंत्र परत आणून देत नाही. आजच्या तरुण नटांमध्ये सर्वांत मोठी उणीव आहे ती हीच. क्लोजअपला शोभणारे पुटपुटणे ते सहजतेच्या नावाखाली रंगमंचावर आणतात.

कॅमेऱ्याचे गणित वेगळे आहे. चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने १९२०च्या सुमारास मोझुखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी जोडला आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी शोक दिसला. संकलन अर्थ निर्माण करते, तेव्हा नटाने सगळा अर्थ चेहऱ्यावर लिहिण्याची गरज उरत नाही. ‘फँड्री’ या चित्रपटातला सोमनाथ अवघडे अभिनय शिकलेला नव्हता, तरी त्याचा जब्या विसरता येत नाही. ‘कोर्ट’ या चित्रपटात चळवळीतले वीरा साथीदार लोकशाहीर होतात आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील. कलमांची लांबलचक वाक्ये त्या एका सुरात, रोजच्या कामाचा उरक असावा तशी वाचत जातात. मग लोकलमध्ये गप्पा मारतात, मुलाला घेऊन घरी येतात, स्वयंपाकाला लागतात. कुठेही निर्दयपणा ‘दाखवलेला’ नाही, म्हणूनच तो अंगावर येतो. साथीदारांनी स्वतःचे जगणे पडद्यावर आणले. कुलकर्णींनी दुसऱ्याचे जगणे तितकेच खरे केले, आणि उद्या त्या तिसरीच बाई करू शकतात. तंत्राची गरज नेमकी इथे लागते.

दोन माध्यमांतला फरक एकाच भूमिकेत पाहायचा तर ‘नटसम्राट’ आहे. १९७०मध्ये रंगभूमीवर लागूंनी साकारलेला गणपतराव बेलवलकर संपूर्ण प्रेक्षागृहाला उद्देशून स्वगते बोलत असे. श्वासाचे लांब टप्पे आणि शब्दांचे वजन यांवर ती भूमिका उभी होती. २०१६च्या चित्रपटात नाना पाटेकरांसमोर कॅमेरा हाताच्या अंतरावर आहे. तिथली मोठी स्वगते जेव्हा सभागृहासाठी बोलल्यासारखी होतात तेव्हा पडदा लहान वाटू लागतो. पण रुग्णालयात ते आणि विक्रम गोखले कर्ण-कृष्णाचा प्रवेश करतात, तेव्हा रंगभूमीची भाषा दोन म्हाताऱ्या मित्रांचे बोलणे होऊन जाते. एकाला दुसऱ्याकडून काही हवे आहे, आणि शब्द त्याच्यापर्यंतच पोहोचवायचे आहेत.

आतली तयारी, म्हणजे परिस्थिती, हेतू आणि कृती, दोन्हीकडे एकच राहते. बदलते ते माप. ते बदलण्याचे शिक्षण मात्र आज नटाला सेटवरच, पैसे लावलेल्या वेळेत घ्यावे लागते. १९५४पासूनची राज्य नाट्य स्पर्धा आणि १९६३पासूनचा पुरुषोत्तम करंडक यांनी महाराष्ट्राला दोन-तीन पिढ्यांचे नट दिले, पण स्पर्धेची तालीम ठरलेल्या तारखेसाठी होते आणि परीक्षकांच्या नजरेत भरेल अशा तीव्रतेकडे झुकते. त्या तालमीत कॅमेरा ठेवून तोच प्रवेश एकदा शेवटच्या रांगेसाठी आणि एकदा लेन्ससाठी करून पाहायला फारसा खर्च येत नाही. हेतू न बदलता आवाज, नजर आणि हालचाल किती कमी करता येते, हे नटाला त्या फुटेजमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आणि कमी करताना हेतूच गळून गेला असेल तर तेही दिसते.