अंबाडी, ताग आणि बाटलीवरचा एक शब्द

गेल्या श्रावणात शेजारचे गुरुजी दोन बाटल्या घेऊन माझ्याकडे आले. गुडघे दुखतात म्हणून पुण्याच्या मुलाने त्या पाठवल्या होत्या. एक पाव लिटरची, दुसरी ड्रॉपर लावलेली, तीस मिलिलिटरची. दोन्हींवर ठळक अक्षरांत एकच शब्द होता : हेम्प. हेम्प म्हणजे अंबाडी, असे मुलाने शब्दकोश पाहून फोनवर सांगितले होते. गुरुजी म्हणाले, "भाऊ, दखा बरं, हाई अंबाडीनं तेल शे का?"

प्रश्न साधा होता, पण त्यात जोखीम होती. गुरुजींच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी ते रोज वॉरफरिनची गोळी घेतात. म्हणून मी त्या दोन लेबलांचे वाचन एखाद्या संहितेसारखे केले. लेबल हाही एक लेखनप्रकार आहे. त्याला लेखक असतो, वाचक असतो, आणि काय सांगायचे व काय झाकायचे याचे संकेतही असतात. त्याची समीक्षा मात्र आपण करत नाही.

आधी शब्द पाहू. मुलगा चुकला, पण त्याची चूक जुनी आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याची जी गॅझेटियरे निघाली, त्यांत अंबाडी 'ब्राउन हेम्प' आहे आणि ताग 'बॉम्बे हेम्प'. साहेबाला दोरखंडाशी मतलब होता. ज्याचा वाख निघतो ते त्याच्या लेखी हेम्प. आपल्याकडे बांधावर अंबाडी पेरायची, कोवळ्या पाल्याची भाजी करायची, वाढलेली झाडे पाण्यात कुजत घालून वाख सोलायचा आणि त्याचे कासरे-दावी वळायची, हे पांझरेकाठच्या माझ्या पिढीने पाहिले आहे. ही अंबाडी जास्वंदीच्या कुळातली. तिच्या शास्त्रीय नावातले 'कॅनाबिनस' हे विशेषण पानांच्या सारखेपणावरून आले आहे. ताग शेंगवर्गातला. बाटलीवरचे हेम्प म्हणजे तिसरेच झाड, कॅनाबिस सटायव्हा, ज्याला आपण भांग किंवा गांजा म्हणतो. अंबाडीत ना सीबीडी असते, ना नशा आणणारे टीएचसी.

म्हणजे एका इंग्रजी शब्दात तीन झाडे कोंबली गेली आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच शब्द मराठी घरात औषध म्हणून परत आला. विक्रेत्याला ही संदिग्धता सोयीची आहे. 'भांग' लिहिले तर गुरुजींनी बाटली हातात धरली नसती. 'हेम्प' लिहिल्यावर त्यांना अंबाडीची भाजी आठवली.

दुसरा मुद्दा झाडाच्या भागाचा. सीबीडी आणि टीएचसी ही द्रव्ये मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या व त्यालगतच्या पानांवरच्या चिकट ग्रंथींत तयार होतात. बी ती तयार करत नाही. बियांवर सापडतो तो फुलोऱ्याचा चिकटलेला अंश. त्यामुळे बियांचे तेल हे जवसाच्या तेलासारखे खाद्यतेल आहे. त्यात चांगली स्निग्धाम्ले असतात, पण सीबीडी जवळजवळ नसते. गुरुजींच्या मोठ्या बाटलीत तेच होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'सीड ऑइल' होते, आणि पुढच्या बाजूला सात बोटांचे ते प्रसिद्ध पान. पान दाखवायचे आणि बी विकायचे, असा हा प्रकार. छोट्या बाटलीत पानांचा अर्क होता आणि त्याचे नाव 'विजया'. भावप्रकाशात भांगेला हे नाव आहे, म्हणजे ते खोटे नाही. पण हेम्प आणि विजया या दोन्ही नावांनी मराठी वाचकाला भांग ओळखू येत नाही.

कायद्याची भाषा या बाबतीत लेबलापेक्षा काटेकोर आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्यापासून सुटी केलेली पाने व बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. त्या फटीतून हा सगळा बाजार उभा आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो. बियांना अन्न म्हणून मान्यता मिळाली ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२१ च्या अधिसूचनेने. पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून विकला जातो. औषध नियमांच्या ई-१ या परिशिष्टात भांग आहे, आणि त्यातल्या द्रव्यांच्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. गुरुजींच्या बाटलीवर तो होता, पण भिंगाखाली. नियमात मराठीची सक्ती नाही, म्हणून मराठीत नव्हताच.

आता आकडे. त्याच अधिसूचनेनुसार अशा खाद्यपदार्थात सीबीडी किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. शुद्ध सीबीडीचे जे औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मंजूर केले, ते लहान मुलांत सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्मीळ व कठीण प्रकारांसाठी. त्याची नेहमीची मात्रा दिवसाला शरीराच्या किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या घरात असते. साठ किलोच्या माणसाला सहाशे मिलिग्रॅम. तेवढे सीबीडी अन्नातून मिळवायचे तर मर्यादेइतके सीबीडी असलेला पदार्थ रोज आठ किलो खावा लागेल. आणि ते औषधही गुडघ्यांसाठी मंजूर झालेले नाही.

छापलेल्या आकड्यावर तरी भरवसा ठेवावा का? २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली. लेबलाशी जुळणारे प्रमाण फक्त २६ मध्ये निघाले आणि १८ मध्ये टीएचसी सापडले. म्हणून बाटली घ्यायचीच असेल, तर पाच गोष्टी विचाराव्यात. झाडाचा कोणता भाग आहे? लिहिलेले मिलिग्रॅम सीबीडीचे की सबंध अर्काचे? बाटलीवरच्या बॅच क्रमांकाचा, बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आहे का, आणि त्यात टीएचसी किती? आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक आहे का? आणि आपण आधीपासून कोणत्या गोळ्या घेतो? मधुमेह, कर्करोग बरा करतो असा दावा दिसला, तर बाटली तिथेच ठेवावी. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने तसा दावा करणेच गुन्हा आहे.

पाचवा प्रश्न गुरुजींचा होता. सीबीडी यकृतातल्या ज्या विकरांना मंदावते, त्यांपैकी काही वॉरफरिनचाही निचरा करतात. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाचा आयएनआर सीबीडीमुळे चढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आयएनआर चढणे म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढणे. याबद्दल लेबलावर अवाक्षर नव्हते. होते ते 'शंभर टक्के नैसर्गिक'.

इथे मला १८९३-९४ च्या भांग आयोगाची आठवण होते. खंडव्याचा आणि नगर जिल्ह्याचा गांजा तेव्हा सरकारी परवान्याने पिकत व विकला जात होता. गांजाने माणसे वेडी होतात, असे वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे सांगत. आयोगाने १८९२ सालची प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली, तेव्हा दिसले की कारणाच्या रकान्यात 'गांजा' हा शब्द अनेकदा चौकशी न करताच भरलेला होता. त्या काळी रोगाचे कारण म्हणून तो शब्द लिहिला जाई, आज उपाय म्हणून लिहिला जातो. चौकशी दोन्हीकडे गाळलेली.

आणि आमच्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर तालुक्यात, पोलिसांनी गांजाचे पीक उपटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. परवान्याशिवाय ते झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्या शेतकऱ्याच्या गुन्ह्याची बाजू मी घेत नाही. पण त्याच्या पंचनाम्यात झाडाचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. शहरातल्या बाटलीवरही ते तितकेच स्पष्ट असावे, ही मागणी फार मोठी नाही.

छोटी बाटली घेऊन आम्ही धुळ्याला गुरुजींच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लेबल वाचले, सुरू करू नका म्हणाले आणि रक्ततपासणीची तारीख अलीकडे घेतली. मोठ्या बाटलीतले तेल गुरुजी आता चटणीवर घेतात. मुलाला त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, की पुढच्या वेळी पाठवायचीच असेल तर अंबाडी बाजारातून आण, जुडी ओळखता येते.