‘डोया’ वाचणारं मूल चुकतं का?

‘अशुद्ध शब्द शुद्ध करून लिहा’ हा स्वाध्याय आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. धुळे-जळगावच्या शाळांपुरता तरी आमचा आक्षेप त्यातल्या ‘अशुद्ध’ या शब्दालाच आहे.

अहिराणीत आणि लेवा बोलीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो. फळ्यावर ‘डोळा’ पाहून मूल ‘डोया’ म्हणतं आणि आपण चूक धरतो. पण शब्द ओळखून त्याचा अर्थ लागल्याशिवाय तो घरच्या बोलीत येईलच कसा? उलट ‘डोळा’ असं स्पष्ट म्हणणाऱ्यानं वाचलं की नुसतं पाठ म्हटलं? डोळ्याकडे बोट दाखवायला सांगा, म्हणजे कळेल.

लेखनातली अडचण मात्र खरी आहे. स्वतःच्या मनातलं लिहिताना या मुलांना कानाचा आधार मिळत नाही. म्हणून फळ्यावर दोन रकाने करावेत: ‘घरी बोलतो’ आणि ‘पुस्तकात लिहितो’. डोया–डोळा, केयी–केळी, सकाय–सकाळ अशा जोड्या मुलांनीच आणाव्यात. नियम तीच शोधतील. मग ‘माया’ हा शब्द द्यावा. नियम लावून त्याचं ‘माळा’ केलं, तर अर्थच बदलतो! नियम कुठे लागू पडत नाही हे तपासणं, हीच तर विज्ञानाची रीत.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. लेवा बोलीतली त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या कवितेतला ‘य’ आपण कौतुकानं शिकवतो. तोच ‘य’ दुसरीतल्या मुलीच्या वहीत दिसला, की त्याखाली लाल रेघ का ओढतो?