हरभऱ्यावरील मर रोग आणि जनुकीय अभिव्यक्तीचे अभ्यास : एक चिकित्सा

प्रस्तावना :
हरभऱ्यावरील मर रोगास कारणीभूत असलेली फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी मुळांवाटे रोपात शिरते, जलवाहिन्यांत वाढते आणि रोपाचा पाणीपुरवठा तोडते. पीक नसतानाही ती जमिनीत सुमारे सहा वर्षे तग धरू शकते. त्यामुळे केवळ पिकाची फेरपालट पुरत नाही आणि शेतकऱ्याचा मुख्य आधार प्रतिकारक्षम वाण हाच राहतो. असा वाण रोगाला नेमका कशाच्या बळावर तोंड देतो, हे जाणण्यासाठी गेल्या दोन दशकांत संसर्गकाळातील जनुकीय अभिव्यक्तीचे अनेक अभ्यास झाले. कोणते जनुक केव्हा व किती कार्यरत झाले हे त्याच्या आरएनएवरून मोजणे, हे त्यांचे स्थूल स्वरूप होय. प्रस्तुत लेखात या अभ्यासांच्या मांडणीची चिकित्सा करावयाची आहे. 'संसर्गानंतर वाढलेले जनुक' आणि 'प्रतिकाराचे जनुक' या दोन भिन्न गोष्टी आपल्या शोधनिबंधांत सर्रास एक मानल्या जातात, हा प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप आहे.

तुलनेचा प्रश्न :
बहुतेक अभ्यासांत एक प्रतिकारक्षम व एक रोगास बळी पडणारा अशी वाणांची जोडी घेतली जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अभ्यासांत जेजी-६२ व दिग्विजय, तर कोलकात्याच्या बोस संस्थेतील अभ्यासांत जेजी-६२ व डब्ल्यूआर-३१५ ही जोडी आढळते. या कामांनी मुळांतील संरक्षण-यंत्रणेविषयी मोलाची माहिती दिली, याबद्दल दुमत नाही. परंतु या जोड्यांमध्ये फरक केवळ प्रतिकारक्षमतेचा नसतो. जेजी-६२ला एका पेऱ्यावर दोन घाटे धरतात, हा डोळ्यांना दिसणारा फरक झाला. न दिसणारे किती असतील! तेव्हा एखादे जनुक एका वाणात अधिक कार्यरत दिसले, तर ते प्रतिकारामुळे की निव्वळ वाण निराळा म्हणून, हे अशा एका जोडीवरून सांगता येत नाही. याकरिता त्या दोन वाणांच्या संकरित संततीत ती अभिव्यक्ती प्रतिकाराबरोबरच उतरते का, हे पाहावे लागते. किंवा प्रतिकाराचा भाग वगळता जवळजवळ सारख्या असणाऱ्या वाणांच्या जोड्या वापराव्या लागतात. स्पेनमधील संशोधकांनी या बुरशीच्या पाचव्या प्रभेदासाठी अशा जोड्या तयार केल्या आहेत. आपल्याकडील लघुप्रबंधांत मात्र दोन वाण, चार वेळा आणि सहा जनुके हा साचा ठरून गेला आहे.

'प्रतिकारक्षम' व 'बळी पडणारा' हे शब्दही वाटतात तितके निरपेक्ष नाहीत. हवरे व नेने यांनी १९८२ मध्ये भारतातील या बुरशीचे चार प्रभेद नोंदविले. पुढे जगभरातील मिळून ही संख्या आठवर गेली. डब्ल्यूआर-३१५ अन्य प्रभेदांना दाद देत नाही, पण तिसऱ्यापुढे हरतो. उलट, ज्या जेजी-६२ला आपण बळी पडणाऱ्याचा नमुना मानतो, तो भूमध्यसागरी प्रदेशातील 'शून्य' या प्रभेदाला प्रतिकार करतो. म्हणजे प्रभेदाचा उल्लेख न करता लिहिलेले अभिव्यक्तीचे कोष्टक अर्धेच विधान ठरते. यापुढची एक गोष्ट अधिक बोलकी आहे. सी-१०४ आणि के-८५० हे दोन्ही वाण पहिल्या प्रभेदाने मरतात, पण उशिरा. त्यांच्या संकरातून मात्र पूर्ण प्रतिकारक्षम संतती मिळाली. ही गोष्ट १९८० च्या दशकात, कोणत्याही पीसीआर यंत्राशिवाय, मेलेली व जगलेली रोपे मोजून कळली होती. प्रतिकार हा एकाहून अधिक जनुकांच्या मेळातून येतो, हे ज्ञान हाती असताना आपण पुन्हा दोनच खान्यांत विचार करावा, हे खेदजनक आहे.

जखम आणि मोजमाप :
प्रयोगशाळेत संसर्ग घडविताना रोपे उपटून, मुळांची टोके छाटून ती बीजाणूंच्या द्रावणात बुडविण्याची पद्धत रूढ आहे. मुळाला जखम झाली की संरक्षणाशी निगडित अनेक जनुके बुरशीविनाही जागी होतात. म्हणून नियंत्रण गटातील रोपेही तशीच उपटून, छाटून नुसत्या पाण्यात बुडवावी लागतात. कुंडीतील न हलविलेली रोपे नियंत्रण म्हणून घेतलेले प्रबंध वाचनात आले आहेत. त्यांतील 'वाढ' बुरशीची की कात्रीची, हे कोणी सांगावे?

याहून सूक्ष्म दोष संदर्भ जनुकाच्या निवडीत असतो. रिअल टाइम पीसीआरमध्ये कोणत्याही जनुकाचे प्रमाण एखाद्या स्थिर मानलेल्या जनुकाच्या तुलनेत सांगितले जाते. लिव्हाक व श्मिटगेन यांची २००१ मधील गणनपद्धती याच गृहीतकावर उभी आहे. यासाठी अठरा-एस रायबोसोमी आरएनए घेण्याचा मोह होतो, कारण तो मुबलक असतो. पण तो वनस्पती व बुरशी यांच्यात बराच सारखा असल्याने, प्रायमर वनस्पतीपुरते मर्यादित नसतील तर बुरशीचा आरएनएही मोजणीत येतो. बळी पडलेल्या रोपात बुरशी अधिक, म्हणून संदर्भाचा आकडा फुगतो आणि रोपाच्या स्वतःच्या जनुकांची अभिव्यक्ती प्रत्यक्षाहून कमी दिसते. परिणामी प्रतिकारक्षम वाणाची सरशी कागदावर आपोआप वाढते. ही चूक संशोधकाला हव्या असलेल्या निष्कर्षाच्याच बाजूने झुकते, म्हणून ती सहसा परीक्षकाच्याही नजरेतून सुटते. बुरशी न घातलेल्या व घातलेल्या, अशा दोन्ही वाणांच्या मुळांवर किमान दोन-तीन संदर्भ जनुके आधी तपासून घेणे, एवढाच यावर उपाय आहे. आणि त्याला लागणारे यंत्र तेच असते.