डेमोचं बटण

आमच्याकडं कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. बाजा यामाहाचा असला तरी बेंजो पार्टीतला पोरगा विचारणार, "आज कॅसिओवर कोण हाय?" या कॅसिओवर एक बटण असतं, डेमोचं. ते दाबलं की बाजा आपला आपण वाजायला लागतो. सिनेमाच्या गाण्यांवर पानंच्या पानं लिहिली जातात, नाट्यसंगीतावर ग्रंथ आहेत, पण या डेमोवर मराठीत कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. तेही संगीतच आहे. कुणीतरी बसून रचलेलं आहे आणि आमच्यासारख्यांच्या ओट्यावर हजारदा वाजलेलं आहे. मग त्याला बरं-वाईट म्हणायला काय हरकत आहे?

सुरुवातीचे डेमो साधे होते. कॅसिओ ही मूळची कॅल्क्युलेटरवाली कंपनी, वाद्यांत ती उतरली १९८० साली. त्याच सुमारास तिनं व्हीएल-१ नावाचा एक चिमुकला बाजा काढला. निम्मा कॅल्क्युलेटर, निम्मं वाद्य. २९ पट्ट्या, त्याही पट्ट्या कसल्या, कॅल्क्युलेटरची बटणंच. एका वेळी एकच सूर वाजायचा. त्यात कंपनीनं भरून दिलेली धून होती एका जर्मन लोकगीताची, 'उंटरलँडर्स हाइमवे'. हाइमवे म्हणजे घराची ओढ. आपल्याकडं सासुरवाशिणीच्या ओव्या असतात त्या जातीचं गाणं म्हणा. जपानी यंत्रात जर्मन लोकगीत का, हे मला सांगता येणार नाही, पण निवड चोख आहे. यंत्र एकसुरी, धूनही एकसुरी. यंत्राला जेवढं येतं तेवढंच ती मागते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे मलाही एका बोटानं जमेल. आठवड्याभरात जमतंही.

नंतर १९८० च्या दशकाच्या मध्यात एसके-१ आला. त्याला बारका माईक होता. त्यात काहीही बोला, कुत्रं भुंकवा, तो आवाज पट्ट्यांवर वाजवता यायचा. त्याच्या डेमोला घेतली होती 'टॉय सिम्फनी'. ही रचना कुणाची यावर तिकडं बराच वाद झाला. आधी हायडनच्या नावावर होती, मग मोझार्टच्या वडिलांच्या, म्हणजे लिओपोल्ड मोझार्टच्या. आता अँगेरर नावाच्या एका पाद्र्याचं नाव पुढं येतं. पण रचनेची गंमत अशी की तिच्यात खऱ्या वाद्यांच्या जोडीला खेळण्यातली वाद्यं वाजतात: पिपाणी, खुळखुळा, कोकिळेच्या आवाजाची शिट्टी. खेळण्यासारख्या बाज्यासाठी खेळण्यांची सिम्फनी निवडणारा जो कुणी असेल तो रसिक माणूस असला पाहिजे. आपण काय विकतोय हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाजही नव्हती.

पुढं यंत्रांची ताकद वाढली आणि डेमो बिघडले. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाची पद्धत ठरली. १२८ आवाजांना ठरलेले नंबर मिळाले, एका वेळी १६ चॅनेल चालू ठेवायची सोय झाली. म्हणजे सोळा माणसांचा ताफा एका डब्यात. मग डेमो रचणाऱ्यांना वाटलं की हा सगळाच ताफा दाखवला पाहिजे. तिथून पुढचे डेमो ऐका. पहिल्याच ठोक्याला ढोल-ताशे, लगेच ट्रंपेटचा ताफा, आठ मात्रा झाल्या नाहीत तोवर गिटार, मग पियानोची एक पळती तान, त्यावर व्हायोलिनं. एकाही सुराला बसायला पाट नाही. जत्रेतला कापडवाला गिऱ्हाईक दिसलं की थानावर थान उलगडत जातो, तशातली गत. ढिगाकडं बघून डोळे दिपतात, पण सदऱ्याचं कापड कुठलं घ्यावं हे कळत नाही. दोन मिनिटांत चाल कुठं जातही नाही, नुसते कपडे बदलते. आणि संपते न संपते तोच पुन्हा पहिल्यापासून सुरू.

यातलं खरं दुखणं असं की असला डेमो दोन हातांनी वाजवताच येत नाही. तो दहा-बारा पदरांत एकेक करून भरलेला असतो. दुकानात उभा असलेला माणूस मात्र समजतो की बाजा एवढा वाजतो, म्हणजे शिकल्यावर मीही एवढा वाजवीन.

आमच्या गावच्या भजनी मंडळानं १९९८ साली वर्गणी काढून कॅसिओ घेतला, तो याच समजुतीवर. जुन्या पेटीचा भाता फाटला होता, दोन सूर बसले होते. चौघं जण एस.टी.नं शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं भजन वाजवून दाखवलं नाही, एखादी साधी चालही वाजवली नाही. त्यानं डेमो लावला आणि चहा सांगितला. चहा संपेपर्यंत सौदा झाला होता. गावात आल्यावर देवळात बाजा मांडला, बुवांनी काळी चार धरली, आणि पेटीवाल्या अण्णांनी पट्टीवर बोटं ठेवली तर आवाज कसा, कागदी. डेमोतला तो भरदार आवाज कुठं गेला म्हणून सगळे बाज्याच्या मागंपुढं बघायला लागले. कुणी म्हणालं अ‍ॅडॉप्टर बरोबर नाही, कुणी म्हणालं सेल घालून बघा. बाज्यात काहीच बिघाड नव्हता. एक आवाज एकट्यानं वाजला की तो तेवढाच वाजायचा. डेमोनं तो एकटा कधी ऐकवलाच नव्हता.

अण्णा तेव्हा पन्नाशीला आले होते. तीस वर्षं पेटीची साथ केलेला माणूस. पोरं त्यांच्यासमोर डेमो लावायची आणि म्हणायची, "अण्णा, असं वाजवा की." अण्णांनी दोन-चार महिने प्रयत्न केला, मग ते टाळकऱ्यांत जाऊन उभे राहिले. पेटीकडं परत आले नाहीत. चांगल्या साथीदाराला गप्प बसवणारं संगीत वाईट, असं मी म्हणतो. मग त्याची वाद्यरचना कितीही तयारीची असो.

आता कुणी म्हणेल, पेटी तरी कुठं आपली होती? खरं आहे. हार्मोनियम परदेशातूनच आली, आणि तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिला दाराबाहेर ठेवलं. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर गावोगावच्या भजनांत ती रुळून घरची झाली होती. मींड निघत नसली तरी भात्याचा श्वास तिला होता. बुवा दमले की पेटीवाला भाता हलका करायचा, ते ऐकणाऱ्याला कळायचं. कॅसिओवर मींडेसाठी सूर वाकवायचं चाक असतं, निदान थोड्या वरच्या किमतीच्या बाज्यांवर. पेटीत नव्हती ती सोय इथं आयती हजर! पण मी ऐकलेल्या एकाही डेमोत ते चाक आपल्या गाण्यासारखं फिरवलेलं नाही. फिरवलंच तर इलेक्ट्रिक गिटार किंचाळवायला. ज्या एका गोष्टीनं आमचे अण्णा जागेवर बसून राहिले असते, ती डेमोनं दाखवली नाही.

त्या जनरल मिडीच्या यादीत आपली सनईसुद्धा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. नंबर ११२. १०५ ला सतार, १०६ ला बँजो, मग जपानी शामिसेन आणि कोटो, आफ्रिकेतला कलिंबा, ११० ला स्कॉटलंडची बॅगपाइप, मग फिडल आणि शेवटी सनई. उरलेल्या जगाची सगळी वाद्यं एका पंगतीला बसवून टाकलेली. सनईचा तो आवाज मी पुष्कळदा लावून बघितला आहे. लग्नाची आठवण येत नाही, घसा बसलेल्या माणसाची येते.

पुढं कंपन्यांनी खास हिंदुस्थानासाठी बाजे काढले. यामाहाची पीएसआर-आय मालिका, कॅसिओचे नावाच्या शेवटी 'आयएन' लावलेले बाजे. तबला, ढोलक, तानपुरा, सगळं आत. आवाज पहिल्यापेक्षा कितीतरी सरस, यात वाद नाही. पण त्यातला केरवा लावून गती निम्म्यावर आणून बघा. तबलजी लय उतरवतो तेव्हा दोन ठोक्यांमधली जागा तो भरत जातो, डग्ग्यावर मनगट घासून एखादी मात्रा ओली करतो. यंत्र फक्त ठोके लांब लांब ठेवतं, मधे नुसती रिकामी जागा. आणि डग्ग्याची ती घिस्सी पहिल्या आवर्तनात जशी, तशीच चाळिसाव्यात. आमच्या पखवाजीनं हे ऐकलं आणि म्हणाला, "ह्यो माणूस कंटाळत कसा न्हाई?" याहून नेमकी समीक्षा मला करता आलेली नाही.

मग यंत्रात भरलेलं संगीत चांगलं असूच शकत नाही का? असतं. त्याचा सगळ्यात मोठा दाखला डेमोच्या बटणाजवळच, पण डेमोत नाही. १९८० साली कॅसिओत हिरोको ओकुदा नावाची तरुण मुलगी लागली. संगीताच्या कॉलेजात तिनं रेगे या जमैकाच्या संगीतावर प्रबंध लिहिला होता. तिच्याकडं एमटी-४० या बाज्यातले साथीचे ठेके करायचं काम आलं. त्यातला 'रॉक' नावाचा ठेका तिनं केला. खर्जाची एक छोटी ओळ आणि ताल, बस्स. तो बाजा १९८१ मध्ये बाजारात आला. १९८५ मध्ये जमैकात नोएल डेव्ही आणि वेन स्मिथ या दोघांच्या हाती तो लागला. किंग जॅमी या ध्वनिमुद्रकाकडं जाऊन तो ठेका संथ करून त्यावर गाणं केलं, 'अंडर मी स्लेंग टेंग'. तिथल्या संगीताची वाटच त्यानं बदलली. त्याच ठेक्यावर पुढं शेकडो गाणी झाली.

तो ठेका चालला कारण त्यात माणसाला शिरायला जागा होती. ओळ लहान, मधे मोकळीक, आणि गती कमी केली तरी मोडत नाही. ओकुदाबाईंना आपण जमैकासाठी काही करतोय असं वाटलंही नसेल. एखाद्यानं रानात विहीर खणावी आणि त्या पाण्यावर भलत्याच शिवारात ऊस उभा राहावा, तसं झालं.

असलं काही आमच्याकडंही झालं, फक्त त्याची कुठं नोंद नाही. अण्णा टाळकऱ्यांत गेल्यावर मंडळाचा कॅसिओ बरीच वर्षं पोत्यात गुंडाळून पडला होता. तो एका बेंजोवाल्या पोरानं मागून नेला. डेमोचं बटण त्यानं दाबलं नाही असं नाही, पण तो रमला ठेक्यांच्या यादीत. 'बोसानोव्हा' लावायचा, गती खाली ओढायचा, आणि वर गवळणीची चाल. कोपऱ्यातल्या बटणावर 'ब्राझील' असं काही लिहिलेलं नसल्यामुळं ते परकं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वरातीत तो ठेका लागला की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचायच्या. हाच पोरगा एकदा देवळात आला आणि त्यानं अण्णांना बाज्यापुढं बसवून ते सूर वाकवायचं चाक कसं फिरतं ते दाखवलं. अण्णांनी दोन-तीनदा फिरवलं, 'ग' वरून 'रे' वर घसरत आले, म्हणाले, "हे आधी का न्हाई दावलं?" तेव्हा त्यांच्या बोटांना कंप सुटलेला होता.

कुठल्या कंपनीनं मला विचारलं, तर मी डेमो असा मागेन: चाळीस सेकंदांचा. एकच आवाज, तोही त्या यंत्रातला सगळ्यात बरा. चाल एका हाताला झेपेल अशी, मधे एकदा चाक फिरलेलं, ठेका दुसऱ्या आवर्तनाला आलेला. आणि समेवर आल्यावर बाज्यानं गप्प राहावं. पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये.