‘स्मृतिमर्यादा’ : एका संज्ञेचे परीक्षण

युनिक्सच्या घराण्यातील ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हर-प्रक्रियांस ‘स्मृतिमर्यादा’ घालतात, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन भिन्न व्यवहार नांदतात. आणि कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाड्यांतील बोलीचा कोश सर्व्हरवर ठेवू पाहणाऱ्या अभ्यासकाची फसगत होण्याचा संभव येथेच आहे.

पहिला व्यवहार बर्कली परंपरेतील ‘सेटआरलिमिट’चा. प्रक्रियेने ठरल्याहून अधिक स्मृती मागितली की कर्नल नकार देतो. भाषादृष्ट्या ही खरीखुरी उक्ती होय : तिला श्रोता आहे आणि श्रोत्यास आवरते घेण्यास अवसर आहे. परंतु मोजले जाते ते काय? पत्त्यांचा अवकाश, प्रत्यक्ष व्यापलेली स्मृती नव्हे. जावासारखी भाषा पुष्कळ अवकाश राखून ठेवते व त्यातील थोडाच वापरते. ती निष्कारण अडते. शिवाय ही मर्यादा एकेका प्रक्रियेची. प्रत्येकी ५१२ मेगाबाइटांच्या २० प्रक्रिया नियम न मोडता १० गिगाबाइटांपर्यंत जाऊ शकतात. निवासी स्मृतीवरील मर्यादा तर आजच्या लिनक्सवर स्वीकारली जाते, पण पाळली जात नाही. व्याकरणशुद्ध पण निरर्थक वाक्याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसरा व्यवहार २००८ साली लिनक्समध्ये आलेल्या ‘सीग्रुप’चा. येथे सबंध गटाचा प्रत्यक्ष वापर मोजला जातो. म्हणजे माप योग्य. मात्र ‘मॅक्स’ ओलांडले गेले व कर्नलला स्मृती मोकळी करता आली नाही, तर गटातील बहुधा सर्वांत मोठ्या प्रक्रियेस ९ क्रमांकाचा सिग्नल जातो. तो अडविता येत नाही. पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी मारली गेली की मुख्य प्रक्रिया सर्वच जोडण्या तोडते. कोशात त्या क्षणी चाललेली नोंद वाया जाते. थोडक्यात, जो नकार बोलतो तो चुकीचे मोजतो, आणि जो योग्य मोजतो तो बोलतच नाही.

या दोहोंमधील वाट तिसऱ्या व्यवहारात, २०१६ साली स्थिरावलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या ‘हाय’मध्ये आहे. ती ओलांडणारी प्रक्रिया मरत नाही, मंदावते. बोरघाटाचा १:३७ उतार उतरणारी गाडी वेगाच्या बंधनात चालते, ब्रेकच्या तपासणीसाठी थांबते. कॅच सायडिंग असते ते या उपायांना न जुमानणाऱ्या गाडीसाठी. ठाकुरवाडीच्या केबिनमध्ये या दोन गोष्टींना कोणी एकच नाव देणार नाही.

संगणकविषयक मराठी लेखनात मात्र दोहोंस ‘मर्यादा’च म्हटले जाते. त्याऐवजी ‘नकारसीमा’, ‘मंदसीमा’ आणि ‘छेदसीमा’ असे तीन शब्द योजणे इष्ट. ते कानास काहीसे खडबडीत लागतील, हे खरे. परंतु कोशाच्या सर्व्हरवर मंदसीमा छेदसीमेच्या पुरेशी खाली ठेवावी, ही सूचना त्या शब्दांत निदान लिहिता तरी येते.