हरणाऱ्यांचं गाणं

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्क या मैदानावर ब्लॅक सॅबथनं आपला शेवटचा कार्यक्रम केला. मेटॅलिका, गन्स एन' रोझेस, स्लेयर असे नावाजलेले बँड दिवसभर आधी वाजवून गेले होते. रात्री मूळचे चौघे एकत्र आले. शहात्तर वर्षांच्या ऑझी ऑस्बर्नला पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. त्यानंतर सतरा दिवसांनी तो गेला.

त्यानंतर जे मृत्युलेख आले, त्यांत जागेचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. माझ्या मते जागा ही त्या रात्रीची सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट होती. व्हिला पार्क हे ॲस्टन व्हिला या फुटबॉल क्लबचं मैदान. ऑझीचं लहानपणीचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सामन्याच्या दिवशी गल्लीत लावलेल्या मोटारी राखून तो पोर चार पैसे कमवायचा. बेसवादक गीझर बटलरही व्हिलाचाच चाहता. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी तिथल्या यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्यानं त्यांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैलही केल्या. मेटलचा तो जड, खोल आवाज काही अंशी त्या अपघातातून आला आहे. कारखाना, गल्ली आणि फुटबॉलचं मैदान यांच्यामध्ये हे संगीत जन्मलं आणि तिथेच परत येऊन त्याच्या पहिल्या बँडनं निरोप घेतला.

मी मेटल ऐकते आणि सामने पाहते. या दोन नादांचा एकमेकांशी काय संबंध, असं मला बऱ्याचदा विचारलं जातं. दोन्हीकडे आरडाओरडा असतो, हे उत्तर लोकांना पुरतं. मला पुरत नाही. माझं मत असं आहे की, मैदानावरचं गाणं चांगलं की वाईट, हे आपला संघ जिंकत असताना कळत नाही. ते हरताना कळतं. भीती, युद्ध, वेड, पराभव हेच विषय घेऊन हजारो माणसांना एकत्र गायला लावणारं मेटल या कसोटीच्या फार जवळचं आहे.

आधी एक साधी भौतिक गोष्ट. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठ्या मैदानाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे वेगवान गाणं मैदानात टिकत नाही, त्याचा चिखल होतो. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' हा १९८६चा अल्बम एकोणतीस मिनिटांत संपतो. मला तो फार प्रिय आहे, पण त्याच्या तालावर पन्नास हजार माणसं टाळी वाजवूच शकणार नाहीत. मैदानाला संथ, रुंद आणि थोड्या स्वरांचं गाणं लागतं.

हे क्वीनच्या ब्रायन मेला पक्कं कळलं होतं. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. १९७७मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमधला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांनी घरी न जाता बँडसाठी 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' गायलं. हे लिव्हरपूलच्या स्टँडमधलं गाणं. मूळ ते १९४५च्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं. १९६३मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडनं ते गायलं आणि तिथल्या प्रेक्षकांनी उचललं. दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसांना आणखी काय करता येईल, या विचारातून मेनं 'वी विल रॉक यू' लिहिलं: दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. त्यात ड्रम्स नाहीत. एका जुन्या चर्चच्या सभागृहातल्या स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून, तो आवाज पुन्हा पुन्हा थोड्या थोड्या अंतरानं एकावर एक चढवून त्यानं गर्दी तयार केली. म्हणजे खऱ्या गर्दीनं गाण्याला जन्म दिला, गाण्यानं खोटी गर्दी बनवली आणि त्या खोट्या गर्दीनं पुढे जगभरच्या खऱ्या गर्दीला टाळी वाजवायला शिकवलं.

या गाण्याबद्दल मला आदर आहे. त्याच्या जोडीला त्याच वर्षी आलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या 'वी आर द चॅम्पियन्स'बद्दल नाही. चाल उत्तम, गळा अफाट, पण ते विजेत्याच्या पायरीवरून खाली पाहणारं गाणं आहे. अंतिम सामना संपला की लाउडस्पीकरवर ते लागतं आणि हरलेला अर्धा स्टँड मुकाट्यानं पिशव्या आवरतो. क्वीनच्या चाहत्यांना राग येईल, पण ज्या गाण्यामुळे मेला ही युक्ती सुचली, ते गाणं याच्याहून मोठं आहे. २००५च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इस्तंबूलमध्ये लिव्हरपूल मध्यंतराला ०-३ असं मागे होतं. तेव्हा त्यांच्या प्रेक्षकांनी गायलं ते हेच. पुढे लिव्हरपूल जिंकलं, म्हणून ती गोष्ट सांगितली जाते. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, गाताना त्यांना निकाल ठाऊक नव्हता.

गाणं बँडकडून प्रेक्षकांकडे कसं जातं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण मेटलमधलं नाही, पण रॉकमधलं आहे. व्हाइट स्ट्राइप्सचं 'सेव्हन नेशन आर्मी' २००३मध्ये आलं. जॅक व्हाइटला त्याची ती सात स्वरांची धून मेलबर्नमध्ये कार्यक्रमाआधी आवाज तपासताना सुचली. ऐकताना बेस गिटार वाटते, पण ती साधी गिटार आहे, पेडल लावून एक सप्तक खाली आणलेली. त्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुजचे चाहते एसी मिलानविरुद्धच्या सामन्यासाठी मिलानला गेले होते. तिथल्या बारमध्ये त्यांनी हे ऐकलं आणि शब्द सोडून नुसती धून स्टँडमध्ये नेली. ब्रुज १-० असं जिंकलं आणि धून त्यांच्याबरोबर घरी आली. २००६च्या फेब्रुवारीत इटलीचा रोमा क्लब ब्रुजला येऊन जिंकून गेला, आणि जाताना हरलेल्यांची धून घेऊन गेला. त्याच उन्हाळ्यात इटलीनं विश्वचषक जिंकला तेव्हा सगळा देश 'पो-पो-पो' करत तीच धून गात होता. त्यातल्या बहुतेकांना बँडचं नाव ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

लोकगीत असंच तयार होतं. कर्ता गळून पडतो, शब्द गळून पडतात, तोंडातून तोंडात जाण्याइतकंच शिल्लक राहतं. नंतर २००८च्या युरो स्पर्धेत आयोजकांनी संघ मैदानात येताना हे गाणं अधिकृतपणे लाउडस्पीकरवर लावलं. त्या दिवसापासून माझ्यासाठी त्यातला अर्धा जीव गेला. प्रेक्षकांनी आपल्या घशानं मिळवलेली वस्तू त्यांनाच वरून वाटली जात होती.

लाउडस्पीकर नेहमीच वाईट, असं मात्र नाही. एसी/डीसीचं 'हेल्स बेल्स' घ्या. १९८०च्या फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला. त्यानंतरच्या 'बॅक इन ब्लॅक'चं हे पहिलं गाणं, आणि सुरुवातीची घंटा ही शोकघंटा आहे. अमेरिकेत सॅन डिएगोच्या बेसबॉल संघाचा ट्रेव्हर हॉफमन शेवटच्या डावात चेंडू टाकायला येई, तेव्हा १९९८पासून हीच घंटा वाजू लागली. शोक स्वतःच्या माणसाचा होता, तो प्रतिस्पर्ध्याच्या मरणाचा झाला. न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेरासाठी पुढच्याच वर्षी मेटॅलिकाचं 'एंटर सँडमन' निवडलं गेलं. लहान मुलाची झोपेच्या वेळची भीती हा त्या गाण्याचा विषय, आणि रिव्हेराचं काम सामना झोपवण्याचं. निवड नेमकी होती, पण ती मैदानाच्या कर्मचाऱ्यांनी केली होती. धार्मिक वृत्तीचा रिव्हेरा मेटल ऐकणारा नव्हता. ही गाणी एका माणसाच्या प्रवेशाची आहेत, नाटकातल्या खलनायकाच्या प्रवेशासारखी. प्रेक्षक थरारतात, पण गात नाहीत.

तीच घंटा हॅम्बुर्गच्या सेंट पाउली क्लबच्या मैदानावर संघ बाहेर येताना वाजते, तेव्हा अर्थ बदलतो. हा क्लब फारसं जिंकत नाही, वरच्या श्रेणीतून पुन्हा पुन्हा खाली घसरतो, आणि तरी मैदान भरलेलं असतं. तिथे ती घंटा कुणाला घाबरवत नाही. आज पुन्हा हरलो तरी आपण आलो आहोत, एवढंच सांगते. मूळ गाण्यातला शोक तिथे शिल्लक आहे.

आयर्न मेडनकडे यायला मी मुद्दाम वेळ लावला, कारण इथे माझा पक्षपात आहे. स्टीव्ह हॅरिस हा पूर्व लंडनचा, वेस्ट हॅमचा चाहता. किशोरवयात त्यानं त्यांच्या युवा संघाबरोबर सरावही केला. त्याच्या बेस गिटारवर क्लबचं बोधचिन्ह आहे. वेस्ट हॅमचं गाणं साबणाच्या फुग्यांविषयी आहे, १९१८च्या एका अमेरिकन नाटकातलं. स्वप्नं फुग्यांसारखी वर जातात आणि विरतात, हा त्याचा आशय. इतका हताश आशय कोणत्या जाहिरात कंपनीनं निवडला असता? ते गाणं ऐकत मोठ्या झालेल्या माणसानं 'फिअर ऑफ द डार्क' लिहिलं, यात मला नवल वाटत नाही. अंधाराची भीती वाटते, ही कबुली हजारो दांडगट माणसं हात वर करून देतात. आणि त्यांचा आवाज सर्वांत मोठा कधी लागतो? शब्दांवर नाही. सुरुवातीची गिटारची धून ते 'ओ-ओ' करत गातात. ही पद्धत सरळ फुटबॉलच्या स्टँडमधून आलेली आहे.

१७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेडन पहिल्यांदा भारतात आले, तेव्हा मी गर्दीत होते. माझ्या एका बाजूला शिलाँगहून आलेली मुलं, दुसऱ्या बाजूला चेन्नईची. आमच्यात इंग्रजीखेरीज समाईक भाषा नव्हती आणि तीही प्रत्येकाची वेगळी. ती धून सुरू झाल्यावर तिचीही गरज उरली नाही. अनेक भाषांतून वाचणाऱ्यांच्या नियतकालिकात हे लिहिताना मला त्या शब्दहीनतेचं मोल अधिक वाटतं. आपल्याकडे एकत्र म्हणायच्या बहुतेक गोष्टी कुणाच्या तरी भाषेत असतात, आणि म्हणून कुणाला तरी परक्या असतात.

आता क्रिकेट. आपल्या मैदानांवर प्रेक्षकांनी घडवलेली एक अस्सल रचना आहे: 'सचिऽन, सचिन' आणि मागोमाग टाळ्या. दोन अक्षरं लांबवायची, मग तोडायची. संथ, रुंद, कोणत्याही भाषेतल्या माणसाला येणारी. ब्रायन मेनं ऐकली तर त्याला कौतुक वाटेल. नोव्हेंबर २०१३मध्ये वानखेडेवर तेंडुलकर निरोपाचं बोलत होता, तेव्हाही ती थांबत नव्हती. पण तिची मर्यादाही तिच्यातच आहे. ती एका माणसाची आहे. तो बाद झाला की स्टँड गप्प होई, आणि माणसं उठून निघत.

त्यानंतर आपण ती जागा लाउडस्पीकरला दिली. २००८मध्ये आयपीएल आली, आणि दोन चेंडूंमधली प्रत्येक फट संगीतानं भरली गेली. तुतारी वाजते, आपण ओरडतो. चौकाराला एक तुकडा, बळीला दुसरा. यात रॉकचीही गाणी असतात, आणि मला त्यांची लाज वाटते. या यंत्राला फक्त यश कळतं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याची परीक्षा झाली. आदल्या दिवशी पॅट कमिन्स म्हणाला होता की, मोठी गर्दी गप्प झालेली ऐकण्यासारखं समाधान नाही. दुसऱ्या दिवशी ९०,००० हून अधिक माणसं खरोखर गप्प झाली. संगीत वाजत राहिलं, आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही. हरताना म्हणायचं काहीच आमच्यापाशी नव्हतं.

हा आपल्या स्वभावाचा दोष आहे, असं मला वाटत नाही. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉकवर पाकिस्ताननं भारताला १२ धावांनी हरवलं, आणि तिथल्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्यासाठी कुणी तुतारी वाजवली नव्हती. कोचीला केरळ ब्लास्टर्सचे पिवळ्या शर्टांतले चाहते, मंजप्पडा, वर्षानुवर्षं ढोल बडवत गात आले आहेत. त्यांचा संघ आयएसएलचे तीन अंतिम सामने हरला आहे. गाणं थांबलं नाही. म्हणजे क्षमता आहे, फक्त तिला शांततेची थोडी जागा हवी. स्टँडमध्ये पहिला आवाज काढणाऱ्या माणसाचा आवाज शेजाऱ्याला ऐकू आला पाहिजे.

माझी मागणी त्यामुळे अगदी लहान आहे. बळी गेल्यावर, गोल झाल्यावर, निदान एक मिनिट लाउडस्पीकर बंद ठेवा. पहिल्या काही सामन्यांत विचित्र वाटेल. नंतर कुणीतरी पाय आपटेल. ते गाणं कुठल्या बँडचं निघेल, मेटलचं, सिनेमातलं की आरतीचं, याची मला फिकीर नाही. संघ हरत असताना ते म्हणता आलं पाहिजे, एवढंच.